अकरा घरांचा क्रम

आमच्या कार्यालयात तिला सगळे पाकीटताई म्हणायचे. तोंडावरही म्हणायचे आणि ती ओ द्यायची. खांद्याला राखाडी कापडी पिशवी, तिच्यात बंद पाकिटांचा गठ्ठा. ती दारात उभी राहिली की म्हातारी माणसं आधी पिशवीकडे बघायची आणि मग तिच्या तोंडाकडे.

मी तिथे फॉर्म संगणकावर चढवायचो. सहा जणी घरोघर फिरून कागद आणायच्या, मी त्यांचे आकडे करायचो. पुढे जे झालं त्यातलं थोडं मी डोळ्यांनी पाहिलं, थोडं माझ्याच हातून झालं आणि बाकीचं तिने मला नंतर सांगितलं. तीन-चार वेळा सांगितलं असेल, आणि दर वेळी एक शब्द इकडचा तिकडे नाही.

काम काय होतं ते आधी सांगतो. म्हातारी माणसं पडतात, हाड मोडतं आणि मग पुष्कळदा उठतच नाहीत. आमच्या प्रमुख डॉक्टरबाईंचं म्हणणं असं, की पडायच्या भीतीने माणूस बसून राहतो, बसून पाय जातात आणि पाय गेले म्हणून तो पडतो. मग त्याला नेमाने चालायला बाहेर काढलं तर पडणं कमी होईल का? हे ताडून बघायचं होतं. सत्तरीच्या पुढची सहाशे माणसं घ्यायची. निम्म्यांना हिरवं कार्ड: आठवड्यातून तीन सकाळी एक शिकवलेली सोबतीण येणार, चार-पाच जणांना एकत्र करून पाऊण तास फिरवून आणणार. निम्म्यांना पांढरं कार्ड: घरात कसं जपायचं याचं एक पत्रक आणि महिन्याला एकदा विचारपूस.

कुणाला कुठलं कार्ड हे कुणीच ठरवायचं नव्हतं, अगदी डॉक्टरबाईंनीही नाही. म्हणून ती पाकिटं. प्रत्येकीकडे यादी होती आणि यादीच्या क्रमाने घरं घ्यायची होती. माणसाने सही केली की पुढच्या नंबरचं पाकीट त्याच्यासमोर फोडायचं. निघेल ते त्याचं.

पाकीटताई त्या वेळी शेहेचाळीस वर्षांची होती. त्याआधी अठरा वर्षं तिने कपड्यांच्या कारखान्यात शिवण तपासली होती. समोरून शर्ट सरकत यायचे आणि जो वाकडा दिसेल तो तिने उचलून बाजूला ठेवायचा. कारखाना बंद पडला आणि ती घरी बसली. आमची जाहिरात तिच्या नवऱ्याने वाचून दाखवली. तो पाणीपुरवठ्याच्या पंपावर होता. शिफ्ट संपली की वर्तमानपत्र अथपासून इतिपर्यंत वाचायचा.

मुलाखतीत डॉक्टरबाईंनी विचारलं, हेच काम का? ती म्हणाली, मला मावशीने वाढवलं. ती न्हाणीघराच्या दारात पडली, खाटेपासून चार पावलांवर. नंतर सात महिने मी तिची कूस बदलत होते. तिला काम मिळालं.

काम तिला छान जमलं. तिच्या फॉर्मवर एक चौकट कधी रिकामी नसायची. दुसऱ्या कुणाला उंबऱ्यावरून वाटेला लावणारी माणसं तिला खुर्ची द्यायची, वर चष्मा शोधायलाही लावायची. मी तिला चिडवायचो, की तुमचा अर्धा पगार चष्मे शोधण्याचा आहे. ती म्हणायची, डोक्यावरचा चष्मा शोधायलाही अक्कल लागते.

मग एक दिवस घोडं अडलं ते एका शिंप्यापायी.

तो शिंपी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. बायको जाऊन तीन वर्षं झालेली, लेक परगावी. एका डोळ्यात सारा उतरलेला, म्हणजे बुबुळावर दुधाळ पडदा. यंत्र झाकून ठेवलेलं आणि तो खिडकीशी. माहिती सांगायला ती पहिल्यांदा गेली तेव्हा त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मला तेवढं त्या चालणाऱ्यांत घाला, बाई. इथे बसून बसून मी भिंतीशी बोलायला लागलोय." तिने समजावलं, की ते माझ्या हातात नाही. त्याने मान डोलावली, पण पटल्यासारखी नाही.

आठ दिवसांनी सह्यांची पाळी आली. यादीत शिंप्याच्या आधी समोरच्या इमारतीतला एक निवृत्त ड्रायव्हर होता, बहात्तरीतही भरलेली गॅसची टाकी स्वतः तीन मजले चढवणारा. ड्रायव्हरच्या जिन्याच्या वळणावर खिडकीतून ऊन येत होतं. पुढचा नंबर कुठला ते बघायला तिने पाकीट वर धरलं आणि उन्हात त्याच्या आतला रंग दिसला. हिरवा.

तिने ते झटकन खाली घेतलं. पाकिटं जाड कागदाची हवी होती, पण छापणाऱ्याने पातळ दिली होती आणि आमच्यापैकी कुणीच ती उजेडात धरून बघितली नव्हती. ती तिथेच थांबली. मग तिने त्याच्या मागचं पाकीट वर धरलं. पांढरा.

म्हणजे हिरवं त्या टाकीवाल्याला जाणार होतं आणि पांढरं शिंप्याला. ती जिना उतरली आणि आधी समोर शिंप्याकडे गेली.

ती मला म्हणाली, "मी खोटं काहीच लिहिलं नाही. कार्ड बदललं नाही, नंबर बदलला नाही. आधी कुठला जिना चढायचा, तेवढंच बदललं."

शिंप्याने पाकीट स्वतः फोडलं. हिरवं कार्ड बघून त्याला इतका आनंद झाला की तिला बसवून चहा केला, आणि ओतताना अर्धा बशीत सांडला. ड्रायव्हरला पांढरं निघालं. तो हसला आणि म्हणाला, मला काय, मी तसाही चालतोच.

एकदा पायंडा पडला की पडला. पुढच्या आठ महिन्यांत तिने अशी आणखी दहा घरं मागेपुढे केली. तिने ती वही-बिहीत लिहिली नाहीत, पण सगळी तिला पाठ होती: भिंत धरून चालणारी निवृत्त परिचारिका, दोन्ही गुडघे गेलेला चांभार, वाऱ्याने उडेल अशी एक आजी. मावशीसारखं कुणी दिसलं की हात आपोआप उजेडाकडे जायचा. कारखान्यातली सवयच ती. मनाला खात होतं, पण ती स्वतःला समजवायची, की चालण्याने कुणाचं वाईट झालंय?

शिंपी पाचव्या महिन्यात पडला. रस्त्याच्या कोपऱ्यावर फरशी उचकटलेली होती, ती त्याला त्या डोळ्याच्या बाजूने दिसली नाही. सोबतीण दोन पावलं पुढे होती. मांडीचं हाड खुब्यात मोडलं.

कुणीही पडलं की त्याचा वेगळा फॉर्म भरावा लागे आणि तो भरायला तिलाच जायचं होतं. वॉर्डात ती त्याच्या खाटेशी स्टूल ओढून बसली. कुठे पडलात, किती वाजता, काय करत होतात. तिसऱ्या प्रश्नाला तो म्हणाला, चालत होतो, आणखी काय. तो चिडलेला नव्हता. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला तो सांगत होता, की या बाईंच्या कृपेने चार महिने माणसांत होतो. पेन नीट चालेना, म्हणून तिने त्याचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

त्यानंतर तिच्या पिशवीत पडण्याचे फॉर्म वाढायला लागले. परिचारिका पडली, मनगटावर निभावलं. चांभार दोनदा पडला. ती आजी पायरीवरून घसरली. प्रत्येक कागदावर वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण. मी ते चढवत होतो आणि माझ्याही लक्षात येत होतं की हिरवे जास्त येतायत. पण कुणाच्या कागदाबद्दल बोलायचं नाही हा नियम होता आणि मी तो पाळला. आज वाटतं, निदान तिच्याकडे मान वर करून बघितलं असतं तरी मला कळलं असतं. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

एका बुधवारी दुपारी डॉक्टरबाईंनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. खोलीत खुर्च्या कमी होत्या, आम्ही भिंतीला टेकून उभे राहिलो. त्या म्हणाल्या, बाहेरच्या तीन तज्ज्ञांची समिती आहे, आपल्याशी संबंध नसलेली. मध्येच आकडे तपासायचा हक्क फक्त त्यांना. त्यांनी कळवलंय की एका गटात पडण्याचं प्रमाण काळजी करण्याइतकं जास्त आहे. उद्या दुपारी बारा वाजता ते बसणार. चालण्याने इजा होते असं त्यांना वाटलं तर काम उद्याच बंद. आणि मग हे चालणं पुन्हा कुठे कुणी करून बघेल असं मला वाटत नाही.

पाकीटताई दाराजवळ होती. तिने मला नंतर सांगितलं, की पायाखालची जमीन हलते म्हणतात ना, तसं काही झालं नाही. उलट जमीन फार घट्ट लागली, पाऊल उचलेना.

कारण तिला त्या क्षणी सगळं लख्ख कळलं होतं. पडायला टेकलेली माणसं तिने वेचून हिरव्यात घातली होती आणि धडधाकट पांढऱ्यात. मग हिरवे जास्त पडणारच. उद्या ती समिती चालण्याला दोष देईल आणि तो दोष कदाचित चालण्याचा नसेलच, तिचा असेल. किंवा चालणं खरोखरच वाईट असेल. पण आता ते कळायचं कसं? गढूळ तिनेच केलं होतं.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. तो बूट काढत होता. एक बूट काढून तो तसाच बसला. मग म्हणाला, हे कुणाला माहीत आहे? कुणालाच नाही, ती म्हणाली. तो म्हणाला, मग गप्प बस. उद्या बंद पडायचं असेल तर पडू दे. तू सांगितलंस तर तुझं काम जाईल आणि वर सगळीकडे बोभाटा होईल. ती म्हणाली, आणि जे पडलेत त्यांचं? तो म्हणाला, तू सांगितल्याने शिंप्याचं हाड जुळणार आहे का?

तो वाईट माणूस नाही. तिच्या भल्याचंच बोलत होता. ती भांडी घासायला उठली आणि घासलेली भांडी तिने पुन्हा घासली. तो दारात येऊन उभा राहिला. शेवटी म्हणाला, मी उद्या पहिली पाळी बदलून घेतो, तुला सोडायला येतो. बोलायचं की नाही ते तू ठरव.

गुरुवारी साडेआठला ती डॉक्टरबाईंच्या दाराशी होती. त्या सव्वानऊला आल्या. मी समोरच बसतो. दार अर्धवट उघडं होतं आणि मला ऐकू येत होतं. उठून जायला हवं होतं. गेलो नाही.

ती बसली नाही. पिशवीतून दोन पाकिटं काढून तिने खिडकीकडे धरली आणि म्हणाली, "बाई, यातलं हिरवं कुठलं ते सांगा."

डॉक्टरबाई उठून जवळ आल्या. त्यांनी पाकीट हातात घेतलं, उजेडात धरलं, खाली घेतलं. मग दुसरं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"अकरा. पहिले शिंपीकाका. सगळी घरं पाठ आहेत मला, लिहून घ्या."

"अकरा हिरवी तुम्ही दिलीत. म्हणजे अकरा जणांची काढूनही घेतलीत."

"हो." हा हिशेब तिने केलेला नव्हता. तिला ड्रायव्हर आठवला.

मग डॉक्टरबाई म्हणाल्या, "चालल्याने भलं होतं, हे तुम्हाला नक्की माहीत होतं?"

"वाटत होतं."

"मलाही वाटत होतं. वीस वर्षं वाटतंय. माझ्या वाटण्यावर विसंबायचं नव्हतं, म्हणून तर ही पाकिटं चिकटवली." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं, असं ती नंतर म्हणाली. "आता मला सांगा, अकराच कशावरून? तुम्ही सांगता म्हणून?"

"मी खोटं सांगत नाहीये."

"मला माहीत आहे. समितीला कसं माहीत असणार?"

याचा अर्थ तिला कळायला क्षणभर लागला, आणि मला बाहेर बसून तिच्याआधी कळला. तिची सगळीच घरं बाद. पावणेदोन वर्षांत उन्हातान्हात जोडलेली, जिथे तिने चष्मे शोधले, सुईत दोरा ओवून दिला, तारखा आठवून दिल्या, ती सगळी शहाण्णव.

साडेनऊला डॉक्टरबाईंनी समितीला फोन केला. साडेदहाला त्यांचा निरोप आला: तिची सर्व माणसं वगळून आकडे पुन्हा काढा, पण वगळलेले आणि न वगळलेले दोन्ही पाठवा. ते काम माझं. दीड तास हातात.

ती व्हरांड्यातल्या बाकावर बसून होती, काचेतून दिसत होती. नवरा शेजारी. तो पाळी बदलून आला होता तो गेलाच नव्हता. मी एकेक नंबर शोधून काढत होतो आणि दर वेळी यंत्र विचारायचं, नक्की काढायचं? शहाण्णव वेळा विचारलं. एकदा भलताच नंबर निवडला. सगळं पहिल्यापासून तपासलं. बाकीच्या पाच जणींना तोवर कुणकुण लागली होती. त्यांची पाकिटंही डॉक्टरबाईंनी मागवून घेतली होती. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. एक जण बाकासमोरून गेली आणि मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणाली, खाई त्याला खवखवे, इथे मात्र आम्हाला न खाताच खवखवतंय. नवरा उठायला लागला, तिने त्याचा हात धरून खाली बसवला.

बाराला पाच कमी असताना आकडे निघाले. सगळे धरून पडून इजा झालेले हिरव्यात सदतीस, पांढऱ्यात एकवीस. तिची माणसं काढल्यावर हिरव्यात चोवीस, पांढऱ्यात एकोणीस.

मी ते डॉक्टरबाईंकडे नेले. त्या कागदाकडे बघत राहिल्या. चोवीस आणि एकोणीस. याने काहीच ठरत नव्हतं. चालणं तारतं असं नाही, मारतं असंही नाही.

समितीचं उत्तर चार वाजता आलं. काम बंद करायचं नाही. मात्र चोवीसांपैकी नऊ जणांची नजर अधू होती हे त्यांनी हेरलं होतं. तेव्हा ज्यांना नीट दिसत नाही त्यांचं बाहेर चालणं आजपासून थांबवायचं, आधी डोळे तपासायचे. पाकिटं सगळी रद्द. यापुढे कार्ड कुठलं ते दुसऱ्या गावच्या कार्यालयातून फोनवर कळेल. आणि ज्या क्षेत्रसेविकेने क्रम बदलला तिने यापुढे नवीन माणसं घ्यायची नाहीत.

नोकरी गेली नाही. नवऱ्याचा विश्वास बसेना. डॉक्टरबाईंनी तिला फक्त पडलेल्यांचे फॉर्म भरायला ठेवलं, दोन्ही रंगांच्या. त्या म्हणाल्या, की सांगायला कुणी आलं नसतं तर मला हे जन्मात कळलं नसतं. पण म्हणून झालेलं पुसलं जात नाही. ती म्हणाली, मला पुसून नकोच आहे. राखाडी पिशवी तिने कपाटात ठेवली आणि किल्ली माझ्याकडे दिली. पाकीटताई हे नाव मात्र गेलं नाही. आधी त्यात माया होती, मग वर्षभर टोमणा होता, आणि मग नुसतंच नाव राहिलं.

शिंप्याला सांगायचं राहिलं होतं. त्याला सांग असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. तोवर त्याला घरी आणलं होतं, लेक येऊन राहिली होती. लेक दुकानात गेलेली बघून ती त्याच्याशी बोलली. जिना, ऊन, दोन पाकिटं, समोरचा ड्रायव्हर, सगळं.

त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे माझ्या नशिबात पांढरं होतं?"

"हो, काका."

"मग मी पडलो नसतो."

"माहीत नाही. घरातही पडला असतात कदाचित. खरंच माहीत नाही."

तो भिंतीकडे वळला आणि म्हणाला, पाणी दे. तिने दिलं. पुढच्या महिन्यात ती गेली तेव्हा लेकीने दार उघडलं, पण तो झोपलाय असं सांगितलं. आतून रेडिओ ऐकू येत होता. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. तिने एकदा मला विचारलं, जाणं बंद करू का? मी म्हटलं, फॉर्म तर भरायला हवा. खरं तर तो दुसरी कुणी भरू शकली असती.

काम आणखी अडीच वर्षं चाललं. शेवटचा निष्कर्ष फार मोठा निघाला नाही. नुसतं बाहेर चालवल्याने पडणं कमी झालं नाही. नजर अधू असलेल्यांचं तर वाढलं. मात्र चालणाऱ्यांना करमत होतं, ते कमी खचलेले होते. पुढच्या कामात आधी डोळे आणि घरात बसून करायचे पायांचे व्यायाम घ्यायचे ठरलं. अहवालात तिच्या शहाण्णव घरांबद्दल एक वाक्य होतं, कारणासकट, तिचं नाव न घेता. तिने ते मला मोठ्याने वाचायला लावलं आणि बरोबर आहे म्हणाली.

शिंप्याने तिला पुन्हा आत घेतलं ते सांगितल्यानंतर सहाव्या महिन्यात. लेक परत गेली होती आणि त्याला वॉकर धरून चार पावलं टाकता येत होती. तिने फॉर्म उघडून पहिला प्रश्न विचारला, गेल्या महिन्यात पडलात का. तो म्हणाला, नाही. तिने नाहीच्या चौकटीत खूण केली. मग त्याने यंत्रावरचं कापड काढायला सांगितलं. डावा पाय चालतो, म्हणाला, पायडल मारून बघतो. ती शेजारी बसून सुईत दोरा ओवायला लागली.